वल्हं कोण मारत होतं?

फेरीबोट गोव्याच्या मांडवी नदीतल्या दिवाड बेटाचा धक्का सोडून पलीकडे नार्व्याकडे निघाली की मामांची गोष्ट सुरू होते. लहानपणापासून ऐकतेय. सप्तकोटीश्वर म्हणजे गोव्याच्या कदंब राजांचं कुलदैवत, मूळ देऊळ दिवाडवर. पोर्तुगिजांनी ते मोडलं, भाविकांनी लिंग गुपचूप नदीपार नेलं आणि पुढे 1668 साली शिवाजी महाराजांनी नार्व्याचं देऊळ नव्याने उभं करवलं. 'गुपचूप' म्हणताना मामा अजूनही आवाज खाली आणतात, जणू फेरीतल्या स्कूटरवाल्यांत कुणी फितूर असावा. या वेळी सोबत भाची होती, सातवीतली. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "आजोबा, पण होडी कोण वल्हवत होतं?"

"कोण म्हणजे? आपलेच लोक."

"तुम्हाला येतं वल्हवायला?"

शेजारचा स्कूटरवाला हसला. मामांनी चष्मा काढून पुसला आणि विषय यंदाच्या पावसावर नेला. मी काहीच बोलले नाही, पण तो प्रश्न पुढे कितीतरी दिवस मनात टोचत राहिला. त्याचं एक कारण असं की त्याच सुमारास मी मामांच्या नकळत, किंबहुना घरातल्या बहुतेकांच्या नकळत, चोडणच्या बाजूच्या एका खाडीत कॅनू चालवायला शिकत होते. हाताला घट्टे पडले होते आणि घरी ते बागकामाच्या नावावर खपवले होते.

आमचं जुनं घर नदीपासून हाकेच्या अंतरावर. पण घराचं तोंड रस्त्याकडे. नदीच्या अंगाला गोठा, झावळांची रास आणि एक दार, जे पावसाळ्याआधी लाकडं आत घ्यायची असली तरच उघडायचं. पाण्याजवळ जायचं नाही, पाण्याला हाक असते, असं आजी सांगायची. कुंभारजुव्याच्या कालव्यातल्या मगरींच्या गोष्टी तर जेवायला बसवायच्या वेळी हमखास. त्या काठच्या काही गावांत पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून पुजतात हे मला फार उशिरा कळलं. म्हणजे ज्यांना रोज पाण्यात उतरायचं होतं त्यांनी मगरीशी काहीतरी बोलणं ठेवलं होतं, आम्ही नुसतेच घाबरत होतो. सकाळी मासेवाली पाटी घेऊन दारात बसायची. आजी तिसऱ्या मोजून घ्यायची, वर आणखी चार टाकायला लावायची. ती बाई नदीपलीकडून येते, म्हणजे पहाटे अंधारात कुणीतरी तिला या काठावर आणून सोडत असणार, हे घरात कुणाच्या बोलण्यात कधी आलं नाही. देवळाच्या महाजनांच्या, म्हणजे मानकरी घराण्यांच्या, यादीत आमचं आडनाव आहे. वल्ह्याला हात लावलेला माणूस मात्र माझ्या माहितीत आमच्या घरात एकही नाही.

कॅनूचा वर्ग मी काही ठरवून लावला नाही. ऑफिसातल्या एका मुलीने दोघींची नावं घातली, पैसे भरले आणि ती स्वतः आलीच नाही.

शिकवणारा पंचविशीतला मुलगा, तिथल्याच एका मासेमारी करणाऱ्या घरातला. बाहेरच्या राज्यात जाऊन त्याने रीतसर कोर्स केलेला. गळ्यात शिट्टी, पायात रबरी बूट, तोंडात वल्ह्याच्या हातांची इंग्रजी नावं: कॅच, ड्रॉ, प्राय, स्वीप, ब्रेस. वर्गाची वेळ घड्याळावर नाही, पाण्यावर. भरती रोज साधारण 50 मिनिटं उशिरा सरकते, त्यामुळे सोमवारची सकाळी सातची वेळ शुक्रवारपर्यंत सव्वादहावर जाते आणि ऑफिसात रजेचं कारण सांगताना पंचाईत होते. त्याने पहिल्याच दिवशी आम्हाला मुद्दाम उलटं पाडलं. लाइफ जॅकेट आपल्याला कानापर्यंत वर उचलतं, नाकात मचूळ पाणी, पायाखाली पोटरीपर्यंत गिळणारा चिखल, आणि कांदळाच्या मुळांवर चिकटलेली कालवं, जी पायाला कधी कापून गेली ते घरी मीठ लागल्यावरच कळतं. त्या चिखलाला कुजक्या पानांचा, जरासा सडक्या अंड्याचा वास असतो. मला तो आवडू लागलाय. हे मी कुणाला सांगत नाही.

कॅनूत गुडघ्यांवर बसायचं. गुडघे फाकवून तळाला टेकवायचे, बूड बाकाच्या कडेला जेमतेम ठेवायचं. वजन खाली गेलं की होडी डुलते पण उलटत नाही. दहा मिनिटांत पायाला मुंग्या येतात. वल्हं एकच पात्याचं: एक हात वरच्या मुठीवर, दुसरा दांड्यावर, पात्याच्या जरा वर. माझी समजूत होती की वल्हं मारणं हे दंडाचं काम. तसं ते नाहीच. खालच्या हाताचा खांदा पुढे जाईल इतकं कमरेतून वळायचं, पातं गुडघ्यांच्याही पुढे पाण्यात सोडायचं आणि मग वळलेलं अंग सरळ करत होडी त्या पात्यापर्यंत न्यायची. पातं पाण्यात पूर्ण बुडाल्याशिवाय जोर लावायचा नाही. तापल्या तेलात वडा सोडताना आपण बोटं अगदी जवळ नेतो, लांबून टाकत नाही, तसं ते सोडायचं. 'चुबुक' आवाज आला की शिट्टी वाजायची. आणि कमरेपाशी आलं की बाहेर. त्याच्या मागे ओढत नेलं तर पातं पाणी ढकलायचं सोडून पाणी वर उचलायला लागतं, होडीचं बूड खाली बसतं, आणि आपल्याला मात्र वाटतं की केवढी मेहनत करतोय.

हे सगळं जमलं तरी होडी सरळ जात नाही. उजवीकडे वल्हं मारलं की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, डावीकडे. मग बाजू बदला, वल्हं डोक्यावरून पलीकडे न्या, मांडीवर गार पाण्याची धार, दोनचार वल्ही, परत बाजू बदला. खाडीत आमची होडी वेलांट्या काढत जायची. एकदा अशाच एका वेलांटीत असताना समोरून एक म्हातारा आला. फायबरची अरुंद होडी, मध्ये जाळ्याचा ढीग, हा अगदी मागच्या टोकाला बसलेला. वल्हं फक्त डाव्या बाजूला. बाजू बदलली नाही, घाई नाही, आणि होडी मात्र ताणलेल्या दोरीवरून गेल्यासारखी सरळ. आमच्या शिक्षकाने शिट्टी तोंडातून काढली. "माझो पाय," तो म्हणाला. त्याचे वडील. वडिलांनी आमच्या लाल प्लॅस्टिकच्या होड्यांकडे, जॅकेटांकडे आणि एकूणच आमच्याकडे एकदा पाहिलं आणि मुलाला विचारलं, "तातूंत शिकपाचें कितें?"

पुढच्या आठवड्यात जे-स्ट्रोक शिकवला गेला आणि मला कळलं की म्हातारा काय करत होता. वल्हं कमरेपाशी आलं की ते तिथे संपत नाही. वरच्या मुठीवरचा अंगठा खाली वळवायचा, पूर्ण खाली, जमिनीकडे बोट दाखवेल इतका. त्याबरोबर दांडा फिरतो, पात्याच्या ज्या अंगाने पाणी मागे रेटलं तेच अंग होडीपासून बाहेर तोंड करतं, आणि मग एक लहानसा धक्का, बाहेरच्या दिशेने. पाण्यात काढलेल्या त्या रेषेला इंग्रजी जे अक्षराचा आकार येतो, म्हणून ते नाव. तो धक्का जास्त झाला की होडीचा वेग मरतो, कमी झाला की नाळ सुटते. अंगठा वर ठेवूनही हे जमतं, किंबहुना सगळे नवशिके तसंच करतात, कारण मनगटाला ते सोपं. पण त्यात वल्हं सुकाणूच्या पद्धतीने मागे ओढलं जातं आणि प्रत्येक वेळी होडीला ब्रेक लागतो. मी अंगठा खाली नेत असे आणि शेवटच्या क्षणी तो आपला आपण वर येई. कोपर चुकीच्या जागी, खांद्यात कळ. नंतर म्हातारा पुन्हा दिसला तेव्हा मी त्याच्या चेहऱ्याकडे नाही, वरच्या हाताकडे पाहिलं. काळा, जाड नखाचा अंगठा. प्रत्येक वल्ह्याच्या शेवटी तो खाली जात होता, इतका थोडा की शोधल्याशिवाय दिसू नये. मुलाने पैसे भरून, परराज्यात जाऊन जे आणलं ते बापाच्या अंगठ्यात होतंच. हे मी मुलाला म्हटलं तर तो जरा ओशाळला. म्हणाला, "तो करता, पूण सांगूंक येना." हेही खरं. बापाने त्याला कधी काही शिकवलं नव्हतं, नुसतं होडीत बसवलं होतं. आणि मी बापाच्या होडीत आयुष्यभर बसले असते तरी त्या अंगठ्याकडे माझं लक्ष गेलं नसतं. मला 'अंगठा खाली' असं ओरडणारं माणूसच लागतं.

दोघांच्या कॅनूत पुढे बसतो तो जोर देतो, मागे बसतो तो दिशा. माझा जोडीदार एक निवृत्त बँक अधिकारी, व्यायामशाळेत घडवलेले दंड, पुढे बसायचा. त्याला मी दिसत नसे. मागून मी अंगठा वळवते, ड्रॉ घेते, म्हणजे वल्हं बाजूला लांब टाकून पातं होडीला समांतर ठेवून होडीच त्याच्याकडे ओढते, होडीला टेकायच्या आत पातं कापून बाहेर काढते, आणि काठावर उतरल्यावर तो सगळ्यांना सांगतो, "आज बघा कशी सरळ नेली!" मला राग यायला हवा होता. पण मला मामा आठवायचे, आणि मामांच्या गोष्टीतले ते 'आपलेच लोक'.

कारण अशी गोष्ट काही एकट्या सप्तकोटीश्वराची नाही. मंगेश 1560 मध्ये कुशस्थळीहून जुवारी नदी ओलांडून प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. आमच्याकडच्या कितीतरी देवांनी पाणी ओलांडलंय. कुणी पुढाकार घेतला, कुणी जमीन दिली, पुढे देऊळ कुणी बांधलं, मानपान कुणाचा पहिला, हे सगळं तोंडपाठ. आणि हे देवस्थानापुरतंच आहे असंही नाही. ही कॅनू मुळात उत्तर अमेरिकेतल्या आदिवासींची, भूर्जाच्या सालीची; तिथे फरच्या व्यापाऱ्यांनी तिच्यावर अर्धा खंड पालथा घातला. अलेक्झांडर मॅकेंझी 1789 साली एका अजस्र नदीवरून कॅनूने थेट आर्क्टिकपर्यंत गेला, नदीला आज त्याचं नाव आहे. होडीत वल्ही मारणारे कॅनेडियन होते, त्यांच्यापैकी दोघांच्या बायका होत्या, वाट दाखवणारे आदिवासी होते. नकाशावर एकटा मॅकेंझी. बायकांवरून आठवलं: ऑलिंपिकमध्ये कॅनूच्या शर्यती 1936 साली बर्लिनला आल्या, एक गुडघा टेकून, वल्हं एकाच बाजूला, दिशा त्याच अंगठ्याच्या वळणावर. बायकांना दुपाती वल्ह्याची कयाक 1948 पासून चालवता आली, पण एकपाती कॅनूसाठी 2021 मधलं टोकियो उजाडावं लागलं. माझी आजी म्हणाली असती, बरं झालं, उगाच पाण्यात कशाला जायचं.

भाचीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून नाही, पण हल्ली मी ती गोष्ट वेगळीच ऐकते. मामा 'रात्र' म्हणतात तेव्हा माझ्या मनात येतं, कुठली रात्र? लपून न्यायचं म्हणजे काळोख हवा, म्हणजे अमावास्येच्या आसपासची. आणि अमावास्येला तर उधाण. महिन्यातला सगळ्यात जोराचा ओढा त्याच रात्रींना. भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवसांत पाणी शहाण्यासारखं वागतं, पण तेव्हा आकाशात अर्धा चंद्र. म्हणजे ज्याच्या हातात वल्हं होतं त्याला काळोख आणि ओढा दोन्ही एकदम मिळाले असणार. भरती संपून ओहोटी लागायच्या मधला जो थोडा वेळ पाणी थबकतं, तो त्याने धरला असेल का? होडीत दगडी लिंग, म्हणजे वजन खाली, हे एक बरं. पण जड होडी एकदा वळायला लागली की आवरत नाही. दुरुस्ती प्रत्येक वल्ह्यात, थोडी थोडी, आधीपासून. आणि आवाज? एक स्ट्रोक असा आहे की पातं पाण्याबाहेर येतच नाही. मागून पुढे आणताना ते पाण्याच्या आतूनच, धारेवर, कापत आणायचं. थेंब पडत नाही, खळबळ नाही. आम्हाला तो पाणमांजरं बघायची म्हणून शिकवला. खारफुटीत आम्ही तसे शिरलो तेव्हा खंड्या हातभर अंतरावर बसून राहिला, चिखलातल्या निवट्यांनीही उड्या टाकल्या नाहीत. त्या काळोखात कुणीतरी असाच स्ट्रोक घेतला असेल. त्याला देवाच्या गाभाऱ्यात जायची मुभा होती की नाही, हा पुढचा प्रश्न माझ्या मनात येतो आणि मी तो मामांना विचारत नाही. मामा ऐंशी वर्षांचे आहेत. शिवाय उत्तर मला माहीत आहे असा माझा दाट संशय आहे.

मला या शिकण्याचा आनंद होतो तितकीच थोडी लाजही वाटते, आणि दोन्ही एकाच वेळी. मी पैसे देऊन, रजा टाकून, महागडी चड्डी घालून जे करते ते म्हातारा ज्वारभाट्याच्या हिशेबाने रोज करतो, गुडघे धरले तरी. त्याचा मुलगा बापाला लाइफ जॅकेट घालायला सांगून थकला; बाप ते जॅकेट होडीत बुडाखाली घेऊन बसतो, म्हणतो मऊ आहे. मुलाला हा वर्ग चार वर्षं तरी चालवायचाय, नाहीतर जहाजावर नोकरी. पाऊस लागला की वर्ग बंद, नदी लाल आणि फुगलेली. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा मांडवीतून खनिज वाहणाऱ्या बार्जी अचानक थांबल्या होत्या. तेव्हा म्हणे इथल्या कितीतरी घरांतले खलाशी एकदम रिकामे बसले. हा मुलगा तेव्हा शाळेत होता. बार्जीच्या लाटेत होडी कशी तिरकी धरायची ते त्याला बापाबरोबर असतानाच कळलेलं. कोर्समध्ये तेवढं एक त्याला आधीपासून येत होतं.

खाडीच्या एका वळणावर खाजनाचं, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या शेतजमिनीचं, मानस आहे; मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. भरतीचं पाणी आलं की त्याची लाकडी दारं आपोआप मिटतात, ओहोटीला शेतातलं पाणी त्यांना उघडून धो धो बाहेर येतं. तिथून जाताना होडीवर आडवा लोंढा येतो. लोंढा डावीकडून आला की आपण नकळत डावीकडे झुकतो, त्याच्याशी दोन हात करायला; आणि तसं झुकलं की पाणी होडीची तीच कड धरून खाली ओढतं. झुकायचं उजवीकडे, पाणी जिकडे चाललंय तिकडे, येणाऱ्या पाण्याला होडीचं पोट दाखवायचं, आणि त्याच बाजूला पातं पाण्यावर आडवं टेकवून आधार घ्यायचा. हे मला काठावर बसून शंभरदा सांगता येतं. मानसापाशी गेल्यावर शरीर त्यातलं काहीही ऐकून घेत नाही. गेल्या उधाणाला पहिल्यांदा ऐकलं आणि आम्ही कोरडे पार झालो. बँकवाले म्हणाले, "आज पाणी कमी होतं वाटतं."

परवा वर्ग संपल्यावर म्हातारा धक्क्यावर उभा होता. त्याची होडी उलटी घालून काठावर, तळाला फायबरचं ठिगळ, ओलं. आधीची आंब्याच्या लाकडाची होती, तिला काजूच्या टरफलाचं तेल फासलं की झालं, हे फायबर दोन दिवस वाळतच नाही, असं पुटपुटत त्याने पलीकडे जायचंय एवढं सांगितलं. मुलगा कुणाचा तरी फोन घेत होता. मी म्हटलं, मी सोडते. तो काही न बोलता पुढे जाऊन बसला, पिशवी मांडीवर, तोंड पुढे. ओहोटी चांगलीच लागली होती. मी नाळ सरळ पलीकडच्या धक्क्यावर रोखली आणि मधोमध काढली. दहा वल्ही झाली असतील. मागे न बघता तो म्हणाला, "मदीं नाका. तडीक धरात." काठाला ओढा कमी. काठाकाठाने वर जायचं आणि मग पाण्याबरोबर उतरत पलीकडे. मी वळवली. मग तो तिसऱ्यांच्या भावाबद्दल बोलत राहिला, शेकड्याला काय मिळतं, मडगावात काय, पणजीत काय, अजून काठावर रेती उपसतात म्हणून तिसऱ्या कशा मिळेनाशा झाल्या, आणि मध्येच त्याने विचारलं की मुलगा एका वेळेचे किती घेतो. मी आकडा सांगितला.

तो इतका गर्रकन मागे वळला की होडी कलली. माझं पातं आपोआप पाण्यावर आडवं पडलं, आणि आम्ही सावरलो. त्याचं तिकडे लक्षही नव्हतं.

"आनी तुमी दितात?" तो म्हणाला.